एपीआयमधून जन्मतारीख एक दिवस मागे येतेय, साडेपाच तास मिळवणं हाच उपाय आहे का?

पतपेढी_डेव्ह:
नमस्कार मंडळी. मोबाईलवरून लिहितोय, कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा आलाय, त्यामुळे कोड शब्दांतच सांगतो, समजून घ्या.

एका पतसंस्थेचं काम आहे. मागे जावातली स्प्रिंग बूटची सर्व्हिस (तिच्याच एपीआयमधून साईट आणि ॲप डेटा मागतात) आणि मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे शाखेतल्या स्टाफसाठी अँग्युलरची साईट आणि सभासदांसाठी अँड्रॉइड ॲप. माझ्याकडे हे आयतं आलंय, मूळ टीम सोडून गेली. सर्व्हिस जे जेसन (डेटा पाठवायचा मजकुराचा फॉरमॅट) देते त्यात तारखेच्या तीन फील्ड आहेत आणि तिन्हीची तऱ्हा वेगळी.

जन्मतारखेवर जेसनफॉरमॅट ॲनोटेशन (कोडमधली फॉरमॅट सांगणारी खूण) आहे, पॅटर्न वर्ष-महिना-दिवस. डेटाबेसमध्ये ५ मार्च १९८८ आहे, मी डोळ्यांनी बघितलंय, पण रिस्पॉन्समध्ये ०४ येतं. हप्त्याच्या तारखेवर काहीच ॲनोटेशन नाही, ती पूर्ण वेळेसकट येते, इथे बरोबर दिसते पण दुबईत असलेल्या एका सभासदाला एक दिवस आधीची दिसते म्हणे. आणि व्यवहाराची वेळ कोणीतरी हाताने सिंपलडेटफॉरमॅट वापरून बनवलीये, शेवटी झेड (ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, अशी खूण) लावलाय, त्यात दुपारी पावणेपाचला भरलेला हप्ता ॲपवर रात्री सव्वादहाला भरलाय असं दाखवतो. साडेसहानंतर भरलेले तर सरळ दुसऱ्या दिवसावर जातात. गंमत म्हणजे जुने व्यवहार अजूनही बरोबर दिसतात, नवेच चुकतात.

आधी हे सगळं नीट चालू होतं. मध्यंतरी संस्थेच्या ऑडिटरला लॉगमधली वेळ भारतीय हवी होती म्हणून ॲडमिनने क्लाउडवरच्या सर्व्हरचा टाईमझोन यूटीसीवरून आयएसटी केला, तेव्हापासून बोंब सुरू. माझ्या लॅपटॉपवर मात्र जन्मतारीख पहिल्यापासूनच चुकायची, तेव्हा सगळे म्हणायचे तुझ्याच मशीनला काहीतरी झालंय.

सोबतच्या एकाने डीटीओमध्ये (रिस्पॉन्समध्ये जाणारा डेटा भरायचा क्लास) जन्मतारखेला साडेपाच तास मिळवले. बहुतेक बरोबर आल्या. पण काही अगदी म्हाताऱ्या सभासदांच्या अजूनही एक दिवस मागेच आहेत, सगळ्यांच्या नाही, काहींच्याच, आणि त्यात काय पॅटर्न आहे ते कळेना. आता मॅनेजर म्हणतो कटकट नको, सगळ्या तारखा सर्व्हरवरूनच ०५/०३/१९८८ अशा स्ट्रिंग करून पाठव. करू का तसंच?

---

जुनाजावावाला:
स्ट्रिंग करायच्या आधी काय घडतंय ते बघ, नाहीतर चुकीचीच तारीख छान फॉरमॅटमध्ये पाठवशील.

हप्त्याची तारीख रिस्पॉन्समध्ये कच्ची कशी येते ते उघडून बघ. ५ मार्चची तारीख असेल तर तिथे २०२५-०३-०४, मग टी, मग १८:३०:०० आणि पुढे अधिक ००:०० असं दिसेल. हे साडेअठरा दिसलं की भारतातल्या कुठल्याही डेव्हलपरने ओळखायचं, की कोणीतरी नुसत्या तारखेला रात्री बाराची वेळ चिकटवली आणि मग ती यूटीसीत नेली. भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेपाच तास मागे. तुझा फोन ते वाचून परत साडेपाच तास पुढे आणतो म्हणून तुला ५ दिसते. दुबई चार तास पुढे, तिथे तीच वेळ ४ मार्चच्या रात्री साडेदहाची होते. फोन बिचारा बरोबरच सांगतोय.

जन्मतारखेत हेच होतंय, फक्त वेळ कापून टाकल्यामुळे दिसत नाही. जॅक्सनच्या (जावातून जेसन बनवणारी लायब्ररी) त्या ॲनोटेशनमध्ये टाईमझोन दिला नाही तर तो यूटीसी धरतो, मशीनचा धरत नाही. सर्व्हर यूटीसीवर होता तेव्हा मध्यरात्र पण यूटीसीची आणि फॉरमॅट पण यूटीसीत, जमून जायचं. सर्व्हर आयएसटीत गेला आणि फॉरमॅट यूटीसीतच राहिला. तुझा लॅपटॉप पहिल्यापासून आयएसटीत म्हणून तिथे पहिल्यापासून चुकायचं. म्हणजे तुझं मशीन ठीक होतं, उलट ते बिचारं पहिल्या दिवसापासून बग दाखवत होतं आणि सगळे त्यालाच नावं ठेवत होते.

व्यवहाराच्या वेळेत वेगळा घोळ आहे. पॅटर्न बघ, माझी पैज आहे की झेड सिंगल कोटमध्ये असणार. कोटमध्ये टाकला की तो नुसता अक्षर म्हणून छापला जातो, वेळ यूटीसीत बदलत नाही. सर्व्हर यूटीसीवर होता तोपर्यंत तो झेड खरा होता. आता १६:४५ ही भारतीय वेळ आहे आणि शेपटीला झेड, ॲप इमानदारीत साडेपाच तास मिळवतं आणि सव्वादहा करतं.

उपाय, म्हणजे मी केला असता तो: जन्मतारीख आणि हप्त्याची तारीख या फील्ड युटिल पॅकेजमधल्या डेटवरून लोकलडेट करून टाक. त्या क्लासच्या नावात डेट आहे पण आत १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद आहेत, नुसती तारीख त्यात मावतच नाही. जावा ८ मध्ये २०१४ सालीच नवीन पॅकेज आलं ते याचसाठी. लोकलडेटला वेळ नाही, झोन नाही, जे डेटाबेसमध्ये आहे तेच १९८८-०३-०५ म्हणून बाहेर जाईल, सर्व्हर टिंबक्टूला नेला तरी. व्यवहाराची वेळ मात्र खरोखरचा क्षण आहे, ती इन्स्टंट ठेव आणि हाताने फॉरमॅट करू नकोस, झेड आपोआप आणि खरा येतो. आणि ते साडेपाच तास मिळवणं काढ बाबा.

---

सरळसोट:
सगळं पटलं, पण मॅनेजर अगदीच चुकीचा नाही असं मला वाटतं. तयार स्ट्रिंग पाठवली की ॲपवाल्याला आणि साईटवाल्याला डोकं लावायची गरज नाही, दोन्हीकडे एकसारखं दिसतं. आमच्याकडे तर प्रत्येक क्लायंट आपापल्या पद्धतीने तारीख दाखवायचा, एकीकडे ५ मार्च, दुसरीकडे मार्च ५, लोक फोन करून विचारायचे. आणि फॉरमॅट बदलायचा झाला तर सर्व्हरवर एका जागी बदलतो, ॲप परत प्ले स्टोअरला टाकायला लागत नाही. आयएसओ (वर्ष-महिना-दिवसवालं स्टँडर्ड) वगैरे ठीक आहे, पण पतसंस्थेचं ॲप आहे, काय नासाचं आहे का.

---

मोबाईलवाली:
@सरळसोट ॲपवाली मीच, म्हणून सांगते, डोकं लावावंच लागतं, उलट जास्त लावावं लागतं. स्ट्रिंग आली की हप्ते तारखेप्रमाणे लावा म्हटलं की झालं, ०१/१२ हे ०२/०३ च्या आधी येऊन बसतं कारण अक्षरांनी सॉर्ट होतंय. मग ती स्ट्रिंग परत तोडून तारीख बनवायची. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं असेल तर नुसतं अक्षरांनी लावलं तरी क्रम बरोबर येतो. हप्ता किती दिवसांनी आहे, रिमाइंडर कधी लावायचा, याला पण खरी तारीख लागते, चित्र नाही.

आणि स्लॅशवाली स्ट्रिंग जावास्क्रिप्टच्या डेटला दिली तर ०५/०३ ला ते ३ मे समजतं, अमेरिकन पद्धत. १२ तारखेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही कारण एरर येतच नाही, १३ तारखेला इनव्हॅलिड डेट येतं आणि मग रात्री फोन.

तरी तुझ्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे. एसएमएस, पावतीची पीडीएफ, व्हॉट्सॲपचा मेसेज, इथे पलीकडे कोड नाहीये, माणूस आहे, तिथे सर्व्हरनेच छान फॉरमॅट करायला हवं. जेसनमध्ये नको.

@पतपेढी_डेव्ह जावास्क्रिप्टमध्ये अजून एक खड्डा आहे तो आत्ताच बघून ठेव, कारण लोकलडेट आल्यावर अँग्युलरवाला त्यात पडणार. नुसती १९८८-०३-०५ दिली तर ब्राउझर ती यूटीसीची मध्यरात्र धरतो. तीच पुढे टी आणि ००:००:०० लावून दिली, झोन न देता, तर लोकल मध्यरात्र धरतो. असं का तर तसं स्टँडर्डमध्येच आहे, वाद घालून उपयोग नाही. भारतात पहिल्या प्रकाराने काही बिघडलेलं दिसत नाही कारण सकाळचे साडेपाच होतात, दिवस तोच. अमेरिकेत बसलेल्या सभासदाच्या मुलाने उघडलं की आदला दिवस. त्यामुळे जन्मतारीख डेट ऑब्जेक्टमध्ये घालूच नका, डॅशवर तोडा आणि तीन आकडे दाखवा. फॉर्म सेव्ह करताना टूआयएसओस्ट्रिंग पण नको, ते परत आपलं साडेअठरा तयार करतं. माझ्या बाजूला अँड्रॉइडवर लोकलडेट थेट चालतं, एपीआय लेव्हल २६ पासून आहेच, जुन्या फोनसाठी डिशुगरिंग (जावाच्या नव्या सोयी जुन्या अँड्रॉइडवर चालवणारं सेटिंग) चालू केलं की काम झालं.

---

बाराखडी:
मराठी स्क्रीन असेल तर माझी पण एक भर. जावास्क्रिप्टच्या टूलोकेलडेटस्ट्रिंगला मराठी-भारत लोकेल (भाषा-देशाचं सेटिंग) दिलं की आकडे पण देवनागरी येतात, ५/३/१९८८ असे. हिंदीला तसं होत नाही, हिंदीचे डिफॉल्ट आकडे इंग्रजी आहेत, मराठीचे देवनागरी, हे युनिकोडवाल्यांच्या लोकेल डेटामध्येच ठरलंय. दाखवायला छानच दिसतं, आजी-आजोबा खूश. पण तीच दाखवायची स्ट्रिंग उचलून कोणी सर्व्हरला परत पाठवली की जावाच्या रेग्युलर एक्सप्रेशनमधला डिजिटवाला नियम देवनागरी आकडे ओळखत नाही आणि व्हॅलिडेशन फेल, आणि टेस्टर इंग्रजी स्क्रीनवर टेस्ट करतो म्हणून त्याला कधी दिसतच नाही. इंग्रजी आकडेच हवे असतील तर लोकेलच्या नावापुढे यू-एनयू-लॅटिन असं शेपूट जोडता येतं, लॅटिनचं स्पेलिंग तिथे चारच अक्षरांचं आहे तेवढं बघा.

---

डॉटनेटचा_दादा:
मधेच घुसतो. आम्ही एका जुन्या डब्ल्यूसीएफ (मायक्रोसॉफ्टचं डॉटनेटमधलं जुनं तंत्र) सर्व्हिसकडून डेटा घेतो, तिथे तारीख येते ती स्लॅश, डेट, कंसात तेरा आकडी नंबर आणि त्यालाच चिकटून अधिक ०५३०, परत स्लॅश. यात साडेपाच तास मिळवायचे की वजा करायचे? टीममध्ये दोन तट पडलेत.

---

जुनाजावावाला:
@डॉटनेटचा_दादा काहीच करायचं नाही. तो नंबर आधीच यूटीसीतले मिलिसेकंद आहे, मागचं ०५३० फक्त सांगतंय की मूळ वेळ लोकल प्रकारची होती. दोन्ही तट चुकीचे, चहा पाजा एकमेकांना. जेसनला तारखेचा प्रकारच नाही, स्ट्रिंग, नंबर, ऑब्जेक्ट, ॲरे, खरं-खोटं आणि नल, संपलं, म्हणून त्या काळी मायक्रोसॉफ्टने आपली ही खूण काढली होती. पुढे जेसन डॉटनेट लायब्ररीनेसुद्धा २०१२ मध्ये ४.५ व्हर्जनला डिफॉल्ट आयएसओ केलं. आणि नंबर दहाच आकडी आला तर ते सेकंद आहेत, मिलिसेकंद समजून वाचलंत तर सगळे व्यवहार जानेवारी १९७० चे दिसतील.

---

पतपेढी_डेव्ह:
बापरे, झेड खरंच कोटमध्ये निघाला. आणि साडेअठरा पण आहे जसंच्या तसं.

लोकलडेट करून बघितलं. मेन सर्व्हिसमध्ये मस्त आलं. पण रिपोर्टवाल्या मॉड्यूलमधून जन्मतारीख ॲरे म्हणून येतेय, चौकटी कंसात १९८८, ३, ५ असे सुटे आकडे. तिथे कोणीतरी जॅक्सनचा ऑब्जेक्टमॅपर (जेसन बनवणारा भाग) स्वतः न्यू करून बनवलाय.

आणि म्हाताऱ्या सभासदांचं कोडं अजून तसंच. यादी काढली, सगळे १९४२ च्या शेवटापासून १९४५ पर्यंत जन्मलेले आहेत. १९४० वाले बरोबर, १९४७ वाले बरोबर. साडेपाच तासांचा कोड काढणारच आहे, पण हे काय गौडबंगाल आहे ते सांगा, झोप येणार नाही.

---

जुनाजावावाला:
ॲरेचं सोपं आहे. जॅक्सनमध्ये तारखा टाईमस्टॅम्प म्हणून लिहा असं एक सेटिंग आहे, ते जॅक्सन २ मध्ये मुळात चालू असतं, आणि लोकलडेटच्या बाबतीत त्याचा अर्थ असा ॲरे. स्प्रिंग बूट ते स्वतःच्या मॅपरमध्ये बंद करतो, पण न्यू करून बनवलेल्या मॅपरला स्प्रिंगचं वारं लागत नाही. तिथे ते बंद कर, किंवा स्प्रिंगचाच मॅपर इंजेक्ट करून घे, दुसरं बरं.

१९४२ चं एसक्यूएल काकांना विचार, त्यांचा आवडता विषय आहे.

---

एसक्यूएल_काका:
आवडता म्हणजे काय, एका पेन्शनच्या कामात हाच विषय समोर आला होता.

दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. म्हणजे त्या काळात आपण साडेपाच नाही, साडेसहा तास पुढे होतो. एशिया-कोलकाता नावाचा जो टाईमझोन जावा वापरतं त्याच्या डेटाबेसमध्ये हा इतिहास भरलेला आहे. त्यामुळे १० जून १९४३ ची मध्यरात्र यूटीसीत साडेअठरा नाही, आदल्या दिवशीची साडेसतरा होते. त्यात तुमच्या मित्राने साडेपाच तास घातले की रात्रीचे अकरा वाजतात आणि दिवस आदलाच राहतो. एक तासाने हुकलं. बाकी सगळ्यांचे बरोबर बारा वाजतात म्हणून ते सुटले.

खरं तर त्या आधीचा इतिहास अजून वेडावाकडा आहे. आयएसटी १९०६ पासून आहे पण मुंबईने आपली मुंबई टाईम १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ती आयएसटीच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईत जन्मलेल्या माणसाची १९३० सालची मध्यरात्र कुठली धरायची? कोणालाच धरायची नसते, जन्मतारखेला मध्यरात्र नसतेच, हेच तर सगळे वर सांगतायत. तो डेटाबेसही मुळात १९७० नंतरच्या वेळा नीट याव्यात म्हणून आहे, त्याआधी एका झोनमधल्या सगळ्या गावांची घड्याळं जुळतीलच असं नाही.

आता जास्त महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय की जुने व्यवहार बरोबर दिसतात. व्यवहाराचा कॉलम डेटटाईम प्रकारचा आहे का बघा, टाईमस्टॅम्प प्रकारचा नसणार. मायएसक्यूएलचा डेटटाईम जे लिहाल ते तसंच ठेवतो, झोन वगैरे त्याला माहीत नाही. म्हणजे सर्व्हर बदलायच्या आधीच्या ओळी यूटीसीत लिहिल्यात आणि नंतरच्या आयएसटीत, एकाच कॉलममध्ये, खूण कुठेच नाही. आज खोट्या झेडमुळे जुन्या बरोबर दिसतायत. कोड सरळ केलात की नव्या बरोबर येतील आणि जुन्या साडेपाच तास मागे जातील, मग सभासद पासबुक घेऊन शाखेत. ॲडमिनकडून बदलाची नेमकी वेळ काढा, सर्व्हर रीस्टार्ट कधी झाला ते लॉगमध्ये सापडेल, आणि त्यानंतरच्या ओळींमधून साडेपाच तास वजा करून सगळा कॉलम यूटीसीत आणा, मग जेव्हीएमला (ज्यावर जावा चालतं) युजर-टाईमझोन यूटीसी असं स्पष्ट देऊन टाका. हे दोन्ही एकाच डिप्लॉयमेंटमध्ये, रात्री, बॅकअप घेऊन. ऑडिटरला लॉग आयएसटीत हवेत तर लॉगबॅकच्या (लॉग लिहिणारी लायब्ररी) तारखेच्या पॅटर्नमध्ये झोनचं नाव देता येतं, त्यासाठी अख्खा सर्व्हर हलवायची काही गरज नव्हती.

---

सरळसोट:
बरं, जेसनमध्ये स्ट्रिंग नको हे मान्य. पण एक सांगा, आज ज्यांच्या फोनवर जुनं ॲप आहे त्यांचं काय? हप्त्याच्या तारखेची फील्ड अचानक वेळेशिवाय आली तर जुनं ॲप उघडताच क्रॅश होईल, आणि पतसंस्थेचे सभासद ॲप अपडेट करतात यावर माझा विश्वास नाही.

---

मोबाईलवाली:
हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. जुन्या फील्डला हात लावू नका, शेजारी नवीन नावाने फील्ड द्या, नवीन ॲप ती वाचेल. जुनी आहे तशी चालू ठेवा आणि किती फोन अजून जुन्या व्हर्जनवर आहेत ते बघून मग काढा. जन्मतारीख आधीपासून वर्ष-महिना-दिवसच आहे, तिचा आकार बदलत नाही, ती तिथल्या तिथे दुरुस्त केली तरी चालेल. आणि व्यवहाराच्या वेळेचा पण आकार तोच राहतोय ना, फक्त इन्स्टंटला मिलिसेकंद नसले तर तो भाग छापत नाही आणि असले तर छापतो, जुन्या ॲपचा पार्सर हे दोन्ही झेलतो का तेवढं बघून घ्या.

---

पतपेढी_डेव्ह:
सगळ्यांना धन्यवाद. काका, कॉलम डेटटाईमच आहे. मॅनेजरला साडेसतरा आणि साडेअठराचा हिशोब दाखवला, तो म्हणाला कर काय करायचं ते.

एक शेवटचं. एडिट स्क्रीनवर जन्मतारीख एपीआयमधूनच भरून येते. म्हणजे सर्व्हर बदलल्यापासून साडेपाच तासांचा कोड घालेपर्यंत ज्यांचं प्रोफाइल कोणी उघडून नुसता पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलून सेव्ह केलं, त्यांची चुकीची तारीखच डेटाबेसमध्ये लिहिली गेली ना? त्या ओळींना एक दिवस मिळवणारी अपडेट क्वेरी मारू का?

---

एसक्यूएल_काका:
नका मारू. ज्याचं प्रोफाइल दोनदा सेव्ह झालं त्याची तारीख दोन दिवस मागे गेली असेल, कारण दुसऱ्या वेळी घसरलेलीच तारीख अजून एक दिवस घसरून स्क्रीनवर आली. आणि कोणी शाखेत चूक बघून हाताने दुरुस्त केली असेल तर तुम्ही ती बिघडवाल. युद्धकाळात जन्मलेल्यांचं तर साडेपाच तासांच्या कोडनंतरही चालूच राहिलं, त्यांच्यासाठी तारखांची चौकट आजपर्यंतची धरा.

ऑडिट टेबल असेल तर त्यातून बदलाआधीची शेवटची जन्मतारीख काढा. नसेल तर बदलाच्या दिवसाआधीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रीस्टोर करा आणि दोन्हीकडची जन्मतारीख जुळवा, फरक असेल तेवढ्याच सभासदांची यादी येईल, ती शाखेला द्या आणि केवायसीच्या कागदावरून बघून दुरुस्त करायला सांगा. त्यात साठीच्या उंबरठ्यावरची माणसं आधी घ्या, ठेवीवर ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर जन्मतारखेवरून लागत असेल तर एका दिवसानेही व्याज बदलतं.